बाराखडी गिरवलेल्या माणसाचे उत्तर

आफ्रिकी पूर्वजपरंपरेच्या लोकांमधील पक्षाघात आणि त्यामागील जनुकीय संशोधन या विषयावरील माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी दोन वेळा वाचली. पहिल्या वाचनानंतर उत्तर द्यायचे नाही असे ठरवले होते. तो निश्चय दुसऱ्या वाचनात टिकला नाही.

इतर वाचकांच्या सोयीसाठी आपले म्हणणे थोडक्यात मांडतो. या लोकांच्या पक्षाघाताचे मूळ रक्तदाब, मीठ, दारिद्र्य आणि भेदभाव यांत असून जनुके शोधणे म्हणजे त्यावर पांघरूण घालणे होय, असे आपण म्हणता. बावीस हजार माणसे तपासून जनुकसंचातील एकच जागा हाती लागली, म्हणजे डोंगर पोखरून उंदीर काढला, असेही म्हणता. मी घानाचे नाव गाळले, ही आपली तिसरी तक्रार. आणि शेवटचे वाक्य आपल्याच शब्दांत देतो: ‘ज्याने आनुवंशशास्त्राची बाराखडीही गिरवलेली नाही, अशा लेखकाने वंश आणि रोग यांची सांगड घालण्याच्या फंदात पडू नये.’

घानाबाबत आपले बरोबर आहे. इबादान विद्यापीठाचे मायोवा ओवोलाबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा पक्षाघाताच्या कारणांचा शोध घेणारा ‘सायरन’ प्रकल्प नायजेरिया आणि घाना या दोन्ही देशांत झाला आणि मी केवळ नायजेरियाचा उल्लेख केला. चूक माझी आहे. चूक कबूल करताना मला कधी कमीपणा वाटलेला नाही, हे माझे जुने वाचक जाणतात.

आता बाराखडी. ती कोणी आणि कुठे गिरवली हे विचारण्याचा अधिकार टोपणनावाआडून लिहिणाऱ्याला कितपत आहे, हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. मी एकतीस वर्षे विदर्भातील एका प्रयोगशाळेत रक्ताच्या काचपट्ट्या पाहिल्या. कोयत्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी मला पुस्तकातल्या चित्रातून भेटलेल्या नाहीत. एके दिवशी गडचिरोलीकडचा नऊ वर्षांचा एक मुलगा आला. त्याचे तोंड एका बाजूला ओढलेले होते आणि उजवा हात लुळा पडला होता. अंगावरून वारे गेले असे समजून घरच्यांनी त्याला आधी पुजाऱ्याकडे नेले होते. त्यानंतर ज्या मोठ्या रुग्णालयात नेले तिथल्यांनी त्याला तपासून, सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराची, साधी चाचणीही न करता, ताकदीच्या गोळ्या देऊन परत पाठवले होते. ती चाचणी मी केली. लहान मुलाला पक्षाघात होतो, त्याचे कारण एका जनुकातील एका अक्षराच्या बदलात असते, आणि ते वेळेवर कळले तर पुष्कळ काही टळू शकते, हे मी त्या दिवशी शिकलो. आपण याला बाराखडी म्हणणार नसाल, तर आपली वर्णमाला वेगळी आहे.

ही आठवण लेखाच्या विषयाबाहेरची नाही. सिकलसेलचे जनुक विदर्भातील आदिवासींमध्ये जसे आहे तसेच पश्चिम व मध्य आफ्रिकेत आणि तिथून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांच्या वंशजांमध्ये आहे. दोन्ही पालकांकडून ते मिळालेल्या अमेरिकेतील मुलांपैकी सुमारे ११ टक्क्यांना, उपचार उपलब्ध नव्हते त्या काळात, विसाव्या वर्षापर्यंत पक्षाघात होत असे. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांतील रक्ताचा वेग ध्वनिलहरींनी मोजून ज्यांचा धोका जास्त दिसला, अशा १३० मुलांवरील चाचणीचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. नियमित रक्त दिल्याने पहिल्या पक्षाघाताचा धोका ९० टक्क्यांहून अधिक घटला आणि त्यामुळे ती चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. त्या मुलांना दारिद्र्य नव्हते असे कोणी म्हटलेले नाही; परंतु दारिद्र्यावरील निबंध वाचून दाखवल्याने त्यांच्या रक्तवाहिन्या मोकळ्या झाल्या नसत्या. हे वाक्य जरा कठोर झाले आहे, तरी ते मी खोडत नाही.

बाराखडीच्या आपल्या वाक्यातील ‘वंश’ या शब्दाविषयीही बोलले पाहिजे, कारण तो आपण माझ्या तोंडी घातला आहे. मूळ लेख मी पुन्हा तपासला. त्यात ‘वंश’ हा शब्द दोनदा आला असून दोन्ही वेळा तो अमेरिकी जनगणनेतील रकान्याविषयी आहे. अन्यत्र मी जाणीवपूर्वक ‘पूर्वजपरंपरा’ असे लिहिले आहे. रकाना माणूस स्वतः भरतो किंवा दुसरा कोणी त्याच्यासाठी भरतो. पूर्वजपरंपरा जनुकसंचात मोजता येते, आणि एकाच रकान्यातील दोन माणसांत ती फार निराळी असू शकते. मानवजात आफ्रिकेत सर्वाधिक काळ नांदली असल्यामुळे तिथल्या जनुकसंचात विविधता सर्वांत अधिक आहे आणि एकत्रितपणे वारशाने येणारे तुकडे लहान आहेत. त्यामुळे नेमका कोणता बदल रोगाशी निगडित आहे हे शोधण्यास ते जनुकसंच युरोपीय जनुकसंचांपेक्षा अनेकदा अधिक उपयोगी पडतात. रोग एखाद्या समाजाला चिकटवणे आणि त्या समाजाला संशोधनातून वगळणे, यांपैकी दुसरी गोष्ट अधिक काळ आणि अधिक सभ्य चेहऱ्याने चालली. २०१९ साली झालेल्या मोजदादीप्रमाणे अशा जनुकीय अभ्यासांतील सुमारे ७९ टक्के माणसे युरोपीय पूर्वजांची होती, आणि त्यांच्या आधारे काढलेले धोक्याचे गुणांक आफ्रिकी पूर्वजांच्या लोकांना लावले तर त्यांची अचूकता कित्येक पटींनी घसरत होती.

रक्तातील वाईट कोलेस्टेरॉलच्या पातळीवर परिणाम करणाऱ्या पीसीएसके९ या जनुकाचा उल्लेख लेखात होता. तो आपण वाचला असावा असे आपल्या प्रतिक्रियेवरून वाटत नाही. हे जनुक निकामी करणारे दोन बदल आफ्रिकी-अमेरिकी लोकांमध्ये आढळले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पंधरा वर्षांच्या पाहणीत २.६ टक्के कृष्णवर्णीय सहभागींकडे असा बदल होता. त्यांचे वाईट कोलेस्टेरॉल सरासरी २८ टक्क्यांनी आणि हृदयविकाराचे प्रमाण ८८ टक्क्यांनी कमी होते. या जनुकाच्या प्रथिनाला अडवणारी इंजेक्शने पुढे आली, आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्यांनी हृदयविकाराच्या झटक्यांसोबत पक्षाघातही कमी केले. ती आज सर्व वर्णांच्या रुग्णांना दिली जातात. ज्या संशोधनाला आपण ‘पांघरूण’ म्हणता, त्यातून हे निघाले आहे.

उरलेल्या मुद्द्यांवर फार शाई खर्चण्याची गरज नाही. बावीस हजारांत एकच जागा, म्हणून आपण हसलात. २०२० सालच्या त्या अभ्यासात पक्षाघाताचे रुग्ण ३,७३४ होते आणि एचएनएफ१ए या जनुकाजवळची एक जागा कसोटीला उतरली. दोन वर्षांनी ‘गीगास्ट्रोक’ या पक्षाघाताच्या जनुकीय अभ्यासाने पाच पूर्वजपरंपरांचे १,१०,१८२ रुग्ण एकत्र घेतले तेव्हा ८९ जागा मिळाल्या. जाळे लहान असले की मासे कमी मिळतात, याचा दोष तळ्याला देत नाहीत.

‘सायरन’मधील ९८.२ टक्के या आकड्यावर आपला मोठा भर आहे. उच्च रक्तदाबासह अकरा टाळता येण्याजोग्या घटकांशी तितके टक्के पक्षाघात जोडलेले आहेत, हे मीच लेखात लिहिले होते. परंतु शंभरातून तो वजा करून १.८ टक्के जनुकांच्या वाट्याला देणे हे गणित चुकीचे आहे. एकाच झटक्याला अनेक कारणे असतात आणि रक्तदाबालाही आनुवंशिक बाजू असते. भेदभावाचे म्हणाल, तर अमेरिकेतील तीस हजारांहून अधिक लोकांच्या ‘रिगार्ड्स’ पाहणीत कृष्णवर्णीयांचा पक्षाघाताचा जादा धोका रक्तदाबासारख्या नेहमीच्या घटकांनी सुमारे निम्माच उलगडला. उरलेला निम्मा सगळा जनुकांचा आहे असे मी कुठेही म्हटलेले नाही. आपण तसे वाचले, त्याला माझा इलाज नाही.

शीर्षक बदलण्याची आपली सूचना मला मान्य नाही. घानाचे नाव आज सकाळी मूळ लेखात घातले आहे. यापुढे लिहावेसे वाटले, तर आपण आपल्या नावाने लिहावे.