वीरगळाला ऑइल पेंट

परवा आमच्या इतिहास मंडळाच्या बैठकीत पुन्हा वाद झाला. विषय दरवर्षीचाच, शिल्लक पैशांचं काय करायचं. बरेच जण म्हणाले, शिवजयंतीच्या चित्ररथाला द्या. मी म्हटलं, बादल्या, ब्रश आणि शिलालेखाचे ठसे घ्यायच्या कागदाला द्या. सगळे हसले. हसू देत. म्हणून ही पोस्ट, आणि ती लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं आमचं गाव. मंडळ म्हणजे देवळामागची एक खोली, पत्र्याचं कपाट आणि दोन ट्रंका. सभासद सोळा, रविवारी येणारे पाच. मी हिशेब लिहितो, म्हणून मला मोजायची सवय. चित्ररथाला माझा विरोध नाही बरं का. बेळगावची वैशाखातली शिवजयंती रात्रभर जागून बघतच आम्ही मोठे झालो. पण चित्ररथ सकाळी सोडून ठेवतात आणि पुढच्या वर्षी नवा बांधतात. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, नवा बांधता येत नाही.

आमच्या गावात चार होते. देवळाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा दगडी देऊळ पाडून स्लॅब आला, चकाकती फरशी आली, आणि दोन वीरगळ पायरीखाली गेले. तिसऱ्याला भाविकांनी ऑइल पेंट दिला. घोडा पांढरा, वीर निळा, अप्सरांची लुगडी लाल. देणाऱ्यांची भावना चांगलीच होती, त्यांच्या लेखी ती सेवा. पण वीरगळ खालून वर वाचायचा असतो: खाली लढाई, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि चंद्र-सूर्य. अक्षरं बहुधा या टप्प्यांमधल्या पट्ट्यांवर असतात. रंगाचे तीन हात बसले की आधी तीच बुजतात. रंग काढायला ॲसिड ओतलं की उरलीसुरलीही जातात. साधं पाणी आणि मऊ ब्रश, एवढंच दगडाला चालतं.

आता खरं भांडण. चौथा वीरगळ विहिरीजवळ आहे. त्यावरची अक्षरं कानडी, म्हणजे हळेकन्नड, जुनी कानडी. ती वाचायला शेजारच्या गावातले एक कन्नड शिक्षक बोलवावेत असं मी सुचवलं, तर एक जुने कार्यकर्ते उसळलेच. "अरे काय करूलालास तू? आपल्याच गावातला कानडी पुरावा त्यांच्या हातात देतोस?"

त्यांचा मला राग येत नाही. 1 नोव्हेंबर 1956 ला हा भाग महाराष्ट्राऐवजी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला, तेव्हापासून ज्यांनी तो काळा दिवस म्हणून पाळला त्यांच्यातले ते आहेत, लाठ्या खाल्लेल्या आहेत. पण मी त्यांना एवढंच विचारलं: काका, महाराष्ट्रात जायची आपली मागणी कशावर उभी आहे? खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. या चारात बाराव्या शतकातला दगड कुठं बसतो? गावात आज कोण राहतं, काय बोलतं, कुठं जावं म्हणतं, यावर आपला दावा. मग दगडाला का घाबरायचं?

आणि घाबरून लपवायचं तरी किती? हलशी इथून जवळ. कदंब राजांची पलाशिका ती. तिथं पाचव्या शतकातले संस्कृत ताम्रपट मिळाले, जैन मंदिरांना दिलेल्या दानांचे. भूवराह-नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर. बेळगावच्या किल्ल्यातले 1204 चे रट्ट राजांचे दोन शिलालेख तर लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन बसलेत. किल्ल्यातलं जैन मंदिर, कमलबस्ती, उभं राहिलं तेव्हाचे ते, संस्कृत आणि कानडीतले. ते साहेबानं वाचून छापले, आम्ही मात्र दारातला दगड वाचायला लाजायचं!

उलट बाजूही ऐका. याच जिल्ह्यात घरात अस्सल कानडी बोलणाऱ्या देसायांच्या माडीवर जा. रुमालात बांधलेले कागद सोडा. वसुलीचे हिशेब, वतनाचे तंटे, सगळं मोडीत, मराठीत. पेशवाईत आणि पुढं मुंबई इलाख्यातही बरीच वर्षं इकडची लिखापढी तशीच चालायची. त्या घरातल्या नातवाला ती वाचता येत नाही, आमच्या गावातल्या नातवाला वीरगळ वाचता येत नाही. दोघंही आपापली वस्तू रद्दीवाल्याला नाहीतर रंगाऱ्याला देऊन मोकळे होतात. माझ्या घरचा एक रुमाल असाच बंबात गेला. तेव्हा मी दहावीत होतो, पाणी तापलं म्हणून खूश होतो. म्हणून सांगतो, मंडळाला एक मोडीवाला आणि एक हळेकन्नडवाला हवाच. ढोलपथक नंतर.

शेवटी शिक्षक आले. काकाही आले, लांब कट्ट्यावर हात बांधून बसले. आम्ही दगड धुतला, ओला कागद चिकटवून ब्रशनं ठोकला, वरून शाई टिपली. बराचसा भाग झिजलेला. सरांनी तासभर डोळे ताणून एकच शब्द खात्रीनं लावला. "तुरु."

"म्हणजे?"

"गाई. खाली कोपऱ्यात बघा, गुरं कोरलीत. गुरं पळवून नेणाऱ्यांशी लढताना पडला असणार हा."

विहिरीवर पाणी भरायला आलेली आज्जी घागर खाली ठेवून ऐकत होती. म्हणाली, "मग तेच की! बेंदराला पयला निवद ह्यालाच का दावायचा, असं मी सासूला इचारलं हुतं. ती म्हनली, दावायचा असतोय."

काका कट्ट्यावरून उठून जवळ आले. चष्मा पुसला आणि सरांना म्हणाले, "पायरीखाली आणखी दोन आहेत. पहार आणू काय?"