एक्सप्रेसवेवर ताशी १२० किमी चालतं? नाही!
पुण्यातल्या ग्रुप्समधे फिरतंय की केंद्राने लिमिट १२० केलंय म्हणून मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर १०० ओलांडल्याचं चलन भरायचं नाही. प्लीज पुढे पाठवू नका. केंद्राने २०१८ मधे १२० चं नोटिफिकेशन काढलं होतं ते खरंय, पण ती कमाल मर्यादा, राज्याला त्याखाली लिमिट ठेवता येतं, आणि ते नोटिफिकेशनही मद्रास हायकोर्टाने २०२१ मधे रद्द केलं. इथे कारला सपाटीवर १००, बोरघाटात ६०, बोर्डावर लिहिलंय तेच. कायद्यात कारला दंड १००० ते २००० रुपये आहे, आणि कॅमेरे सरासरी वेगही मोजतात त्यामुळे कॅमेऱ्यापुरता ब्रेक मारून काही होत नाही. लिमिट वाढवा म्हणणाऱ्यांनी एवढं बघा, १२० ला ब्रेकिंगचं अंतर १०० पेक्षा ४४ टक्के जास्त लागतं, आणि शेजारच्या लेनमधे ट्रक असतात.