‘तू ठरव, मला काहीही चालेल’

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. भांडी ओट्यावर तशीच पडलीत आणि मी लिहायला बसलेय, कारण आत्ता लिहिलं नाही तर मी दादाला फोन लावीन आणि तोंडातून जे जाईल ते परत घेता येणार नाही.

संध्याकाळी घरच्या ग्रुपवर त्याचा मेसेज आला. ‘यंदा जरा घाई होतेय असं वाटतं. पुढच्या वर्षी निवांत करू.’ त्याखाली वहिनीचा अंगठा. त्याखाली कुणीतरी टाकलेलं गुलाबाचं फूल आणि शुभ रात्री. संपलं. चार महिने मी रात्री जागून केलेलं सगळं, आई-बाबांना घेऊन आठ जणांनी मेमध्ये न्यूझीलंडला जायचं सगळं नियोजन, एका अंगठ्यात आणि एका गुलाबात संपलं.

घाई? कसली घाई? बाबांचा पासपोर्ट २०१६ साली काढला होता, याच प्रवासासाठी. गेल्या महिन्यात त्याची दहा वर्षं संपली. मी तो नूतनीकरणाला द्यायला हातात घेतला आणि एकेक पान उलटलं. एकही शिक्का नाही. कडाही न मुडपलेला, कोराच्या कोरा पासपोर्ट. ज्या माणसाने नाशिकरोडच्या प्रेसमध्ये ३४ वर्षं काढली त्याचा! देशातल्या लोकांचे पासपोर्ट आपल्या इथे, त्या प्रेसमध्ये छापले जातात. बाबांच्या नोकरीच्या आवारातून लाखो पुस्तिका बाहेर गेल्या, जगभर फिरल्या. त्यांची स्वतःची मात्र लोखंडी कपाटात, आईच्या पैठणीखाली, दहा वर्षं पडून राहिली आणि तशीच बाद झाली.

आणि बाबांना काही स्वित्झर्लंडच्या बर्फात फोटो काढायचे नाहीयेत. त्यांना एक डोंगर बघायचाय. प्रेसमधल्या मित्रांबरोबर त्यांनी कळसूबाई, साल्हेर, अलंग-मदन सगळं पालथं घातलं. हिलरी एव्हरेस्टला जायच्या आधी ज्या डोंगरावर तयार झाला तो, न्यूझीलंडचा माउंट कुक, म्हणजे आओराकी, एकदा पायथ्याला उभं राहून बघायचा, एवढंच त्यांचं मागणं. फेब्रुवारी १९४८ मध्ये हिलरी त्याच्या दक्षिण धारेने चढला, त्या वाटेने चढणाऱ्या पहिल्या तुकडीत तो होता, हे मला दुसरीत असल्यापासून पाठ आहे. बाबांच्या जुन्या अ‍ॅटलासमध्ये त्या डोंगराची उंची ३,७६४ मीटर लिहिलीय आणि पेन्सिलने गोल केलाय. १९९१ मध्ये त्याच्या माथ्याचा मोठा भाग कोसळला, माथा झिजत राहिला आणि २०१३ मध्ये नव्याने मोजला तेव्हा ३,७२४ मीटर भरला. डोंगरसुद्धा आहे तसा थांबत नाही. पण आमच्या दादाला वाटतं की बाबा थांबतील.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती ‘तू ठरव’ या दोन शब्दांची. तू ठरव, मला काहीही चालेल. तुला जमतं हे सगळं. तुझं इंग्रजी चांगलं आहे. बरं, ठरवते. मी ठरवलं. मुंबईहून सिंगापूर साडेपाच तास, तिथे सहा तासांचा थांबा, कारण आईचे पाय सुजतात आणि तिला सलग बसवायचं नाही. मग क्राइस्टचर्चपर्यंत दहा तास. तिथे पहिला पूर्ण दिवस काही नाही, फक्त झोप आणि वरण-भात, कारण घड्याळ साडेसहा तास पुढे असतं आणि म्हातारी माणसं त्यात भेलकांडतात. मे म्हणजे तिकडे हिवाळ्याचं तोंड, दिवसाचा उजेड जेमतेम साडेनऊ तास, म्हणून एका दिवसात तीन-सव्वातीन तासांच्या वर गाडी चालवायची नाही असं बांधून घेतलं. क्राइस्टचर्चहून टेकापो, टेकापोहून माउंट कुकचं गाव, तिथे दोन रात्री. दोन का? एक दिवस ढग आले तर दुसरा हातात राहावा म्हणून. मग क्वीन्सटाउन, ते आनाऊ आणि मिलफर्ड साउंड. गाड्या तिकडेही डाव्या बाजूने चालतात, तेव्हा नवरा आणि दादा आलटूनपालटून चालवतील. प्रत्येक मुक्कामाला आईसाठी तळमजल्याची खोली, प्रत्येक ठिकाणी स्वयंपाकघर.

हे सगळं घेऊन रविवारी दादाकडे गेले. मिसळ झाली, चहा झाला, मी लॅपटॉप उघडला. पाचव्या मिनिटाला दादा म्हणाला, “हे जरा जास्तच संथ वाटतंय. एवढे पैसे घालून एका गावात दोन रात्री?” वहिनी म्हणाल्या, “अहो ताई, मेमध्ये थंडी असेल ना तिकडे? दिवाळीत बघायचं का?” अहो, दिवाळीत निघायचं म्हटलं होतं तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात की लक्ष्मीपूजनाला घर बंद कसं ठेवायचं! मे आला की दिवाळीत जाऊ, दिवाळी आली की मेमध्ये जाऊ. काहीही चालणाऱ्या माणसांना एकही गोष्ट चालत नाही. आणि ते स्वतः काहीच सुचवत नाहीत. एक तारीख सांगा, एक गाव सांगा, एक हॉटेल शोधून आणा. नाही. मी पुढे ठेवायचं आणि त्यांनी सोफ्यावर बसून खोडायचं.

या घरात खरी अडचण कुणाची असेल तर माझ्या नवऱ्याची आहे. मोहाडीला द्राक्षबाग आहे आमची. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, त्यानंतर डाउनी रोगाच्या भीतीने रात्री-बेरात्री फवारण्या, आणि जानेवारीपासून काढणी. बाग सोडून पंधरा दिवस जाणं म्हणजे काय हे बागाईतदारालाच कळेल. त्या माणसाने सगळ्यात आधी तारीख दिली. म्हणाला, “दहा मेनंतर धाकटा भाऊ बघेल, मी बोललोय त्याच्याशी. तू तिकिटं काढ.” ज्याच्याकडे कारण होतं त्याने कारण सांगितलं नाही. ज्यांच्याकडे नाही त्यांची कारणं संपत नाहीत.

२०२२ मध्ये न्यूझीलंडने कोरोनानंतर सगळ्यांसाठी सीमा उघडल्या तेव्हा मी पहिल्यांदा सगळं मांडलं होतं. तेव्हा दादाच्या फ्लॅटचं पझेशन. २०२३ मध्ये परदेशी टूरवरचा टीसीएस (पैसे भरतानाच कापला जाणारा टॅक्स), सात लाखांच्या पुढे २० टक्के, १ ऑक्टोबरपासून लागू होणार म्हणून, ‘थांब जरा, टॅक्सचं काय होतंय बघू.’ अरे, तो टॅक्स रिटर्न भरताना वळता करून घेता येतो, सीए आहे ना तुझा? तोवर तिकडे परदेशी पाहुण्यांवरची लेव्ही १ ऑक्टोबर २०२४ पासून ३५ न्यूझीलंड डॉलरवरून थेट १०० डॉलर झाली. आठ माणसांचे ५२० डॉलर जास्त, फक्त आपण बघत बसलो म्हणून. पुढच्या वर्षी भाच्याचा नववीचा पाया. यंदा दहावीची व्हेकेशन बॅच. त्यानंतर अकरावी-बारावी, मग सीईटी. त्या पोराला विचारलं का कुणी? तो मला हळूच म्हणाला, “आत्या, मला आजोबांबरोबर जायचंय.” पण बॅच बुडाली तर पोर्शन मागे पडतो, आणि आजोबा मागे पडले तर त्याची बॅच कुठे मिळते?

त्यात सल्ला देणारे नातेवाईक. ज्यांनी एक रुपया द्यायचा नाही, ज्यांनी यायचं नाही, ते सगळ्यात मोठ्याने बोलणार. “न्यूझीलंडला काय आहे? डोंगर तर आपल्या त्र्यंबकलापण आहेत.” “त्या पैशात दोन गुंठे झाले असते.” आता नवीन, “सिंहस्थ तोंडावर आलाय, घर सोडून कुठे निघालात?” सिंहस्थाची स्नानं २०२७ मध्ये आहेत, आम्ही पंधरा दिवसांसाठी चाललोय! आणि आईवडिलांच्या आनंदाचे पैसे गुंठ्यात मोजणाऱ्यांशी मला बोलायचंच नाहीये.

दादाच्या आग्रहाने एका टूरवाल्याकडेही जाऊन आले. गंगापूर रोडला चकचकीत ऑफिस, थंडगार एसी, हातात जाड गुळगुळीत कागद. त्यात आमचा डोंगर शोधला. सापडला. ‘माउंट कुक दर्शन, फोटो स्टॉप.’ विचारलं, म्हणजे किती वेळ? तो मुलगा म्हणाला, वीस मिनिटं मॅडम, पुकाकी तळ्याजवळून दिसतो, वेदर क्लिअर असेल तर. तिथून डोंगराच्या पायथ्याचं गाव आडवाटेने ५५ किलोमीटर आत आहे, तिकडे यांची बस वळतच नाही. ढग असले तर बाबांनी साठ वर्षं मनात धरलेला डोंगर गेला, चला, बसमध्ये बसा, पुढे शॉपिंग आहे. मिलफर्डची बोट वेगळी, टिप वेगळी, व्हिसा वेगळा. मी तिथून उठून आले तर दादाला राग, की मी ‘जमवून घेत नाही’.

कागदपत्रांचं तर बोलूच नका. व्हिसाचा अर्ज ऑनलाइन असतो, मुंबईला रांगेत उभं राहायचंही नाही. आई-बाबांचे अर्ज वेगळे, दादाच्या घराचा वेगळा, आमचा वेगळा. राहण्याचे पैसे आधी भरले असतील तर माणशी महिन्याला ४०० न्यूझीलंड डॉलर दाखवायचे, नसतील तर १,०००. मराठी कागदांची प्रमाणित इंग्रजी भाषांतरं लागतात. सातबारा, बाबांची कागदपत्रं, सगळं मी करून घेतलं, माझ्या पैशाने. दादाकडून फक्त तीन वर्षांचे रिटर्न आणि बँकेचं स्टेटमेंट हवंय. नोव्हेंबरमध्ये मागितलं. ‘सीएकडे आहे.’ डिसेंबरमध्ये मागितलं. ‘पाठवतो.’ सीएचं ऑफिस शरणपूर रोडला आहे, त्याच्या घरापासून दहा मिनिटांवर! आणि तिकिटं? डिसेंबरमध्ये माणशी ९२ हजार होती. काल रात्री १ लाख ६ हजार. आठ माणसांचे १ लाख १२ हजार नुसते ‘पाठवतो’मध्ये गेले.

आई वेगळीच. ती म्हणते, “तुम्ही जा, मी राहते घरी. माझ्यामुळे खर्च कशाला?” आई, मला या वाक्याचासुद्धा राग येतो, आता सांगून टाकते. आयुष्यभर हेच म्हणत आलीस. नाटकाला तुम्ही जा, महाबळेश्वरला तुम्ही जा. तरी परवा गेले तर ती स्वयंपाकघरात लाडवाच्या डब्यांचा हिशोब करत होती. तिला म्हटलं, आई, तिकडे खायचं नेलेलं सगळं फॉर्मवर लिहून द्यावं लागतं, लपवलं आणि सापडलं तर ४०० डॉलर दंड. तिने लगेच वहीत लिहून घेतलं, ‘लाडू, चिवडा, मेतकूट – सांगायचे.’ ती वही मी बघितली. तिला यायचंय. पण दादाच्या तोंडाकडे बघून ती ‘राहते घरी’ म्हणते.

आणि बाबा काहीच म्हणत नाहीत. ते रोज सकाळी जेलरोडच्या घरातून मुक्तिधाम मंदिरापर्यंत चालत जातात, तयारी म्हणून. माउंट कुकला हूकर व्हॅलीची वाट आहे, जाऊन-येऊन दहा किलोमीटर, जवळपास सपाट, शेवटी हिमनदीचं तळं. २०२२ मध्ये बाबा ती वाट गप्पा मारत चालले असते. मी त्यांना साल्हेर उतरताना बघितलंय, मी मागे राहायचे. परवा त्यांच्याबरोबर मुक्तिधामपर्यंत गेले. जाताना एकदा बसले, येताना दोनदा. दुसऱ्या वेळी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून गुडघ्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, “थंडीमुळे होतंय गं. मेपर्यंत मोकळा होईल.” मी दुसरीकडे बघितलं.

दादा, तू हे सकाळी सहाला बघत नाहीस, म्हणून तुला ही घाई वाटते. तुझ्या ‘पुढच्या वर्षी’मध्ये त्या पायरीवर तिसऱ्यांदा बसणं आहे. बाबा ७२ वर्षांचे आहेत. हा काही लोणावळा नाही की राहिला तर पुढच्या रविवारी जाऊ. एवढे पैसे आपण एकदाच उभे करू शकतो, एवढ्या लांबच्या प्रवासाला त्यांचं शरीर एकदाच साथ देईल, आणि ते एकदा आत्ता आहे, या मेमध्ये.

भांडी राहू देत. ग्रुपवर टाकलंय आत्ताच: उद्या रात्री नऊ वाजता मी तिकिटं काढतेय. १४ मे, मुंबई ते क्राइस्टचर्च. आई, बाबा, आम्ही तिघं, पाच नक्की. दादा, तुझे कागद नऊच्या आत आले तर आठ. कुणाला थंडी वाटणार असेल, कुणाची बॅच असेल, कुणाला संथ वाटत असेल तर आत्ता सांगा, आणि अंगठा टाकू नका, शब्दांत लिहा.

निळ्या खुणा सातही जणांच्या आल्यात. दादा ‘टाइप करतोय’ असं दोनदा दिसलं आणि थांबलं. बाबा एरवी साडेनऊला झोपतात. त्यांनी बारा वाजून चार मिनिटांनी नव्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवलाय. जरा हललेला आहे, सकाळी पुन्हा काढायला सांगते.