मोर्च्याआधी घरबैठक

अमेरिका-मेक्सिको सीमेवर स्थलांतरितांच्या हक्कांसाठी काम म्हटलं की आपल्याला मोर्चे आणि फलकच आठवतात. मोर्चे हवेतच. पण माणूस हद्दपारीपासून वाचतो तो बहुतेक वेळा आठ-दहा जणांच्या घरबैठकीतल्या रटाळ कामामुळे, असं माझं ठाम मत आहे. टेक्ससमधल्या एल पासोची 'बॉर्डर नेटवर्क फॉर ह्यूमन राइट्स' ही संघटना वस्तीतल्याच लोकांच्या समित्या बांधते. शेतमजुरांचे नेते सेझार चावेझ आणि डोलोरेस वेर्ता यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेली 'लूपे' ही संघटना टेक्ससच्या दक्षिण टोकाला, शहराच्या हद्दीबाहेरच्या वस्त्यांमध्ये, रस्त्यावरचे दिवे आणि सांडपाणी असले प्रश्नही हाती घेते. ते योग्यच आहे. दिव्यासाठी जमलेले शेजारीच अटकेच्या रात्री फोन उचलतात.

इतर शहरांतली हक्कांची पत्रकं जशीच्या तशी वाटली की इथे घोळ होतो. सीमेपासून २५ मैलांच्या आत बॉर्डर पेट्रोल, म्हणजे सीमेवर गस्त घालणारं सरकारी दल, वॉरंटशिवाय खाजगी जमिनीवर येऊ शकतं. घरात मात्र नाही. म्हणजे 'फाटकाशीच अडवा' हा सल्ला चुकीचा, उंबरठ्याशी अडवा हा बरोबर. सीमेवरून आत जाणाऱ्या महामार्गांवर, फालफुरियास आणि सरिता इथे, बॉर्डर पेट्रोलचे कायमचे नाके आहेत; तिथे संशय नसतानाही गाडी थांबवून थोडक्यात चौकशी करता येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९७६ चा निकाल सांगतो. त्यामुळे मुलाला उपचारासाठी नाक्यापलीकडे सॅन अँटोनियोला न्यायचं असेल, तर कागदपत्रं नसलेल्या आईबापांऐवजी कोण जाणार हे आधीच ठरवा आणि संमतिपत्र लिहून ठेवा.

इमिग्रेशनचे अधिकारी दाराशी आले तर काय करायचं, याची तालीमच हवी. दार न उघडता वॉरंटचा कागद दाराखालून सरकवायला सांगायचा किंवा खिडकीतून बघायचा. त्यावर न्यायालयाचं नाव आणि न्यायाधीशाची सही शोधायची. आय-२०० आणि आय-२०५ या इमिग्रेशन खात्याच्या वॉरंटांवर सही असते ती खात्याच्याच अधिकाऱ्याची, न्यायाधीशाची नव्हे. नियम पाठ असलेला माणूससुद्धा कागद नीट वाचता यावा म्हणून दार उघडतो! म्हणून बैठकीत एकाने जोरजोरात दार ठोकायचंच. गप्प राहिलं तरी चालतं, पण 'मी अमेरिकी नागरिक आहे' ही एक थाप पुढचे बहुतेक सगळे कायदेशीर मार्ग कायमचे बंद करू शकते.

सर्वात दुर्लक्षित काम पत्त्याचं. घर बदललं की ५ दिवसांत इमिग्रेशन न्यायालयाला पत्ताबदलाचा ईओआयआर-३३ फॉर्म द्यायचा. नोटीस जुन्या घरी गेली, तारीख चुकली, की गैरहजेरीतच हद्दपारीचा आदेश निघू शकतो. ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशन खात्याने त्या माणसाला दिलेला क्रमांक, घरातल्या दुसऱ्या कुणाकडे तरी लिहिलेला हवा. नुसत्या नावावरून अटकेतला माणूस शोधताना दोन आडनावांच्या स्पेलिंगमध्ये सगळं अडकतं.

आणि अफवा. धाड पडल्याचा निरोप आला की किती माणसं, काय करताहेत, नेमकं कुठे, कोणता गणवेश, किती वाजता, जवळ काय साधनं, हे सहा प्रश्न विचारा. मग प्रशिक्षित दोघांनी जाऊन बघावं, आणि त्यानंतरच गटावर टाकावं. खोट्या निरोपामुळे लोक दवाखान्याची वेळ चुकवतात, मुलांना शाळेत पाठवत नाहीत. बातमी खोटी निघाली तर तसं त्याच गटावर, तितक्याच ठळकपणे लिहा. नाहीतर पुढच्या खऱ्या इशाऱ्याकडे कुणी ढुंकूनही बघणार नाही.