चादरीएवढा पसारा

गेल्या आठवड्यात फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. 'ज्या घरात पसारा, त्या घरात बालपण.' खाली हसरं बाळ आणि गुलाबाची फुलं. तीन काका आणि एक मामा, चौघांनी लगेच अंगठे चिकटवले. मी तेव्हा स्वयंपाकघरात फरशीवर बसून सुरीच्या टोकाने ट्रॉलीच्या खाचेतला रवा काढत होते. त्या चौघांपैकी एकानेही जन्मात खाचेतला रवा काढलेला नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. त्यांच्या बायकांना मी ओळखते.

पुण्यात भाड्याचा वन बीएचके. साडेतीन वर्षांचा थोरला, दहा महिन्यांची धाकटी. मूल म्हटलं की सांडणार, माखणार, उपसणार, त्यावर माझी तक्रार नाही. पण तो पसारा कुठपर्यंत जाऊ द्यायचा आणि पुसायला कोण बसणार, हे कुणीतरी ठरवायला लागतं. नाही ठरवलं तर ते आपोआप ठरतं, आणि कुणाच्या नावावर ठरतं हे बायकांना वेगळं सांगायला नको.

धाकटीचं उष्टावण झालं तेव्हा हौसेने ट्रेवाली खुर्ची आणली. तिला पट्टे, बकलं, सांधे, आणि प्रत्येक सांध्यात मऊभात. चार दिवसांत आंबूस वास यायला लागला. सध्या ती खुर्ची गॅलरीत आहे, तिच्यावर कांद्याची टोपली बसते. धाकटी जेवते जमिनीवर, तान्ही असतानाचं मेणकापड खाली घालून, अंगातलं झबलं काढून. वाटीत एका वेळी दोनच चमचे भात, बाकीचा पातेल्यात माझ्याजवळ. वाटी डोक्यावर पालथी घातली तरी दोनच चमचे जातात. तिच्या हातातली वाटी ओढून भरवलं तर फरशी स्वच्छ राहील, कबूल. पण मग ती हाताने खायला शिकणार कधी?

आणि ती शितं लगेच ओल्या फडक्याने पुसू नका. लगदा होतो, फरशीभर पसरतो, दुसऱ्या दिवशी पायाला टोचतो. अर्धा तास पंख्याखाली वाळू द्यायची आणि केरसुणी फिरवायची. हे सासूबाईंचं. पहिल्यांदा त्या म्हणाल्या, "राहू दे गं, वाळू दे," तेव्हा मला वाटलं कंटाळा करतायत.

वरणाच्या डागाचंही तसंच. पिवळ्या डागावर साबण लावला की तो लाल होतो आणि आपण घाबरून आणखी घासत बसतो. हळदीला साबणाचा खार लागला की ती लाल होणारच. हळदीत चुना घालून कुंकू करायची जुनी रीत याच गुणावर चालते. नीट खळबळून उन्हात घालायचं, दोन-तीन उन्हांत हळद उडते. पावसाळ्यात ऊन नाही, म्हणून आमच्याकडची झबली जून ते सप्टेंबर पिवळीच असतात. फोटोत येतात तशी येऊ देत.

खेळण्यांसाठी मी रंगीत डबे आणले होते, वर लेबलं लावली होती. थोरला ते उलटे करून ढोल वाजवायचा. माझी आई आली, दोन दिवस बघत बसली आणि म्हणाली, "बोहारीण कशी बसायची आठवतंय का?" चादर पसरायची, सगळा पसारा त्यावर, निघताना चार टोकं धरून बोचकं. तेव्हापासून एक जुनी सिंगल चादर हेच आमचं खेळघर. ठोकळे, गाड्या, झाकणं, सगळं चादरीवर. संध्याकाळी चार टोकं, एक गाठ, पलंगाखाली. थोरला स्वतः "बोहारीण आलीऽऽ" असं ओरडत बांधतो. गाड्या निम्म्या वेळा चादरीबाहेर पळतात, ते सोडून द्यायला मी शिकतेय. फक्त मणी, नाणी आणि बटणासारखे चपटे सेल त्या बोचक्यात नाहीत. धाकटी रांगते आणि जे दिसेल ते तोंडात घालते.

भिंतींचं दुखणं वेगळं. माहेरी भिंतींना कमरेइतका ऑइल पेंट होता, तपकिरी, दिसायला भयंकर. पण फडकं मारलं की आमच्या सगळ्या कलाकृती साफ. इथे डिस्टेंपर. पुसायला जावं तर रेघोटीबरोबर भिंतीचा रंगही हातात येतो, आणि पलीकडे घरमालकांकडे डिपॉझिट अडकलेलं. म्हणून थोरल्याला रंगवायला बाथरूमच्या टाइल्स दिल्या आहेत. आंघोळीआधी वॉटरकलर, मग दोन तांबे पाणी. एक मात्र कटाक्षाने: भरलेली बादली तिथे ठेवायची नाही, फिनेलची बाटली वरच्या फळीवर. डोकावणाऱ्या मुलाला अर्धी बादलीसुद्धा बुडवू शकते.

आता थोडं बोचरं. आपण घरातला घाण भाग उचलून दाराबाहेर ठेवला की आपल्यापुरता तो संपतो. आमच्याकडे दिवसा लंगोट, रात्री आणि प्रवासात डायपर. जिन्यात कचऱ्याच्या बादल्यांमध्ये मी रोज उघडे, भरलेले डायपर बघते. वापरलेला डायपर नीट गुंडाळून वेगळा द्यायचा, असं घनकचरा नियमांतच लिहिलेलं आहे. गुंडाळायचा का, तर पुढे कुणीतरी बाई तो कचरा हाताने निवडते. शी संडासात टाकायची, डायपर जुन्या वर्तमानपत्रात बांधायचा, वर लाल पेनाने मोठा ठिपका काढायचा, म्हणजे न उघडता कळतं. वेळ लागतो एक मिनिट. बालपणाच्या कौतुकाच्या पोस्टी टाकायला याहून जास्त लागतो.

आणि फरशीवाल्या मावशी. धाकटी झाली तेव्हा त्यांना पेढे दिले. फरशी दुपटीने चिकट झाली, पगार होता तोच. आठ महिन्यांनी त्यांनीच विषय काढला, "ताई, आता पहिल्यासारखं काम राहिलं नाही हो." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. स्वतःच्या गुडघ्यांचा हिशोब रोज नवऱ्यापुढे मांडणारी मी, त्यांच्या गुडघ्यांचा हिशोब माझ्या डोक्यातही आला नव्हता. पगार वाढवला, शिवाय जेवणाचं मेणकापड त्यांच्यासाठी ठेवायचं नाही हेही ठरलं. ते ज्याने भरवलं त्याने उचलायचं. रात्रीचं नवऱ्याकडे आहे. पहिले पंधरा दिवस तो मेणकापड शितांसकट घडी घालून ठेवायचा. आता गॅलरीत नेऊन झटकतो.

परवा रविवारी फॉरवर्डवाले एक काका आले होते. धाकटीने त्यांच्यादेखत वाटी भिरकावली, मेणकापड ओलांडून थेट सोफ्यापाशी. काका खूश. म्हणाले, "असू दे, असू दे, मुलांचं घर आहे!" मी केरसुणी त्यांच्याशेजारी टेकवली. म्हटलं, "काका, वाळायला अर्धा तास लागतो. तोवर चहा टाकते."

हसले, पण उठले. केर काढलासुद्धा, अगदी दारापर्यंत. सुपलीत भरायचा तेवढा राहिला.