‘मला ते फेंटॅनिल नको हो, डॉक्टर’

परवा पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी आलेल्या काकूंनी भुलीच्या तपासणीलाच मोबाइल पुढे केला. ‘आधी हे वाचा. आणि मला ते फेंटॅनिल नको हो, डॉक्टर.’ व्हॉट्सअॅपवर फिरणारा मेसेज. त्याचं म्हणणं असं: फेंटॅनिल आणि नायटाझीन नुसत्या स्पर्शाने मारतात, हॉस्पिटलवाले हीच विषं भुलीच्या नावाखाली टोचतात, त्यांच्यावर उतारा नाही, आणि मुळात हे अमेरिकेचं दुखणं, आपण सरसकट बंदी घातली की सुटलो. ही दोन्ही अफूसारखं काम करणारी, वेदना मारणारी कृत्रिम द्रव्यं. त्यातलं फेंटॅनिल मी भूलतज्ज्ञ म्हणून रोज हाताळतो, तेव्हा उत्तर देणं आलंच.

स्पर्शाचं आधी. अँप्यूल, म्हणजे औषधाची काचेची कुपी, फोडताना माझ्या बोटांवर फेंटॅनिलचे थेंब कितीदा तरी सांडलेत. हात धुवायचे आणि पुढच्या केसला लागायचं. ते त्वचेतून आत शिरावं म्हणून कॅन्सरच्या रुग्णांसाठी मुद्दाम पट्टी तयार करावी लागली, आणि तिचाही गुण यायला काही तास जातात. अमेरिकेतल्या विषचिकित्सकांच्या दोन संघटनांनी २०१७ मध्ये हिशेब मांडला होता: फेंटॅनिल हाताळणाऱ्या कामगारांच्या आसपास हवेत जितकं जास्तीत जास्त फेंटॅनिल आढळलं, तेवढ्यात मास्कशिवाय उभं राहिलं तरी १०० मायक्रोग्रॅम शरीरात जायला २०० मिनिटं लागतील. या अफवेचा तोटा वेगळाच आहे. बेशुद्ध पडलेल्याला हात लावायला माणसं घाबरतात, आणि तेवढ्यात तो श्वास थांबून जातो.

ते १०० मायक्रोग्रॅम म्हणजे आमचं दोन मिलीचं एक अँप्यूल. खोका कुलपात. काढलं की रजिस्टरला नोंद: पेशंटचं नाव, किती वापरलं, किती टाकून दिलं, खाली दोन सह्या. रिकामी काचही मोजून परत. टेबलावर पेशंटचा श्वास मंदावला तर त्याच्यासाठी श्वास घ्यायला मी उशाशी उभाच असतो. रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या नशेच्या गोळीत फेंटॅनिल किती आहे हे ती बनवणाऱ्यालाही धड माहीत नसतं. घोळ तिथे आहे. नायटाझीनबद्दल तर मेसेज साफ खोटा. १९५०च्या दशकात स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात सिबा कंपनीच्या संशोधकांनी ती तयार केली. वेदना थांबायची, पण श्वासही थांबायचा, म्हणून ती औषध म्हणून बाजारात आलीच नाहीत. भुलीत ती देणार कोण आणि आणणार कुठून?

उतारा आहे. नॅलोक्सोन. फेंटॅनिलवर चालतं, नायटाझीनवरही चालतं. मात्र एका डोसात भागेलच असं नाही, आणि त्याचा असर तास-दीड तासात ओसरतो. शुद्धीवर आलेला पेशंट ‘मी ठीक आहे, जातो घरी’ म्हणतो आणि पुन्हा निळा पडू शकतो. म्हणून त्याला सोडायचं नाही.

मेसेजने ज्याची भीती घालायला हवी होती, ते त्यात नाहीच. लघवीची नेहमीची अफूवर्गाची तपासणी मॉर्फिनच्या कुळातली द्रव्यं शोधते. फेंटॅनिल तिच्यातून निसटतं. फेंटॅनिलची वेगळी तपासणी-पट्टी वापरली तर नायटाझीन निसटतं. डोळ्यांच्या टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, मिनिटाला चार श्वास, आणि हातात रिपोर्ट ‘निगेटिव्ह’. अशा वेळी रिपोर्ट बाजूला ठेवून श्वासाचं बघायचं, हे ड्यूटीवरच्या नव्या पोरांना बजावून सांगावं लागतं.

कायद्याचंही तेच होतं. चीनने मे २०१९ पासून फेंटॅनिलचं अख्खं कूळ नियंत्रणाखाली आणलं. त्याच सुमारास आयसोटोनिटाझीन हे नायटाझीन बाजारात दिसू लागलं. एकेक रेणू यादीत घालायचा, तोवर दुसरा तयार. शेवटी ब्रिटनने जानेवारी २०२५ मध्ये नायटाझीनच्या रेणूच्या साच्यावरच बंदी घातली, नावं मोजत बसणं सोडून दिलं.

आणि ‘अमेरिकेचं दुखणं’? फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीने दाखवलं की घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्टच्या गल्ल्यांत विकल्या जाणाऱ्या टॅपेंटाडॉल-कॅरिसोप्रोडॉलच्या गोळ्या आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या कारखान्यात बनत होत्या. टॅपेंटाडॉल हाही कृत्रिम ओपिऑइडच, म्हणजे अफूसारखं काम करणारं द्रव्य; कॅरिसोप्रोडॉल स्नायू सैल करतं. या जोडीला जगात कुठेही मान्यता नाही. बातमीनंतर केंद्राने तिच्या उत्पादनाचे आणि निर्यातीचे परवाने मागे घेतले. अंगणातलं सोडून वॉशिंग्टनला शिव्या घालायच्या, हे आपल्याला बरं जमतं!

राहिली सरसकट बंदी. तो प्रयोग आपण करून बसलोय. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात, कॅन्सरच्या वेदनांवर देतात त्या मॉर्फिनभोवती परवान्यांचं असं कुंपण घातलं की दुकानदारांनी ते ठेवणंच सोडलं. दहा-बारा वर्षांत देशातला वैद्यकीय वापर ९७ टक्क्यांनी घसरला. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटॅनिलसह सहा औषधांसाठी नियम सोपे केले. तरीही गावाकडच्या कॅन्सर पेशंटचा मुलगा महिन्याच्या गोळ्यांसाठी अजून मुंबईची गाडी धरतो.