गोधडी एकटीची कशी?

‘गोधडी हा एकटीने, शांतपणे जोपासायचा छंद’ हे लेखातलं वाक्य काही पटलं नाही. आम्ही चौघी दर शनिवारी दुपारी एकच गोधडी पसरून चार कडांना बसतो. अस्तराला आईची जुनी नऊवारी. धावदोरा कडेकडून आत सरकत जातो आणि मध्यावर पोचेपर्यंत गुडघ्याला गुडघे लागतात. माझे टाके लांबट, शेजारच्या काकूंचे तांदळाच्या दाण्याएवढे. हक्काने उसवायला लावतात!

जिच्या घरी बैठक, खाणं तिचं. माझ्याकडे थालीपीठ-लोणी ठरलेलं, भाजणी डब्यात असतेच. फक्त हात धुतल्याशिवाय सुई धरायची नाही, हे लेखात यायला हवं होतं. एकदा पांढऱ्या ठिगळावर हळदीचं बोट उमटलं. तिथे आता पिवळं फूल आहे.